भिंतीवर लिहिलेला पासवर्ड

माझा हात आधी चालतो, तोंड त्याच्या मागून, आणि डोकं चालायला लागतं तोवर समोरचं माणूस रडत बसलेलं असतं. हे मी कौतुकानं सांगत नाही. पण लपवून तरी काय करू? लोहाऱ्यात आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, ब्लाउज शिवणारी ती तापट बाई कुठं राहती, तर माझंच दार दाखवतील. बापानं मला बैलाच्या कासऱ्यानं मारलंय, आईनं उलथन्यानं. सासरी आल्यावर नवऱ्यानं एकदाच हात उगारला, तर त्याच्याच पुढ्यातलं ताट मी त्याच्या कपाळावर घातलं. आता तो ट्रकवर असतो, महिन्यातून दोनदा घरी येतो आणि जपून बोलतो. आमच्यात मारणं म्हणजे काही वेगळं नव्हतं, बोलण्यातलाच तो एक प्रकार होता.

अशा घरात माझी पोरगी वाढली. एकुलती एक. तिच्या डोक्यात एकच खूळ, पोलिसात जायचं. बारावी झाली आणि तिनं भरतीची तयारी सुरू केली. शाळेच्या मागच्या ग्राउंडवर फौजेतून रिटायर झालेले एक सर गावातल्या पोरींना फुकट शिकवायचे, तिथं ही उजाडायच्या आत जायची. आठशे मीटर पळायची, गोळा फेकायची, घरी येऊन चार भाकरी खायची. तिच्या पोटऱ्या बघून बायका म्हणायच्या, हिला कोण पसंत करणार? मी म्हणायचे, वर्दी अंगावर चढू द्या, मग तुमच्यातल्याच चार जणी स्थळ घेऊन येतील. खरं सांगते, तिच्यापेक्षा मलाच त्या वर्दीची भूक जास्त होती. या तालुक्यात माझ्याकडं कुणी मान वर करून बघू नये, एवढं मला त्या वर्दीतून पाहिजे होतं.

भरतीचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. त्यासाठी ईमेल लागतो, ईमेलला पासवर्ड लागतो, फॉर्मला वेगळा पासवर्ड लागतो. त्याच्या आधीपासून तिचं ते रील टाकायचं अकाउंट होतंच. त्यावर ती पळताना, उठाबशा काढताना दिसायची, बाकी काही नाही. पण मी तिला सांगून ठेवलं होतं, तुझ्या फोनमधलं मला सगळं उघडता आलं पाहिजे, न्हायतर फोन विहिरीत. मग मीच ठरवलं, सगळ्याला एकच पासवर्ड. तुळजापूरच्या देवीचं नाव आणि पुढं पोरीचं जन्मसाल.

‘आई, प्रत्येकाला वेगळा ठेवावा लागतो गं,’ ती म्हणाली.

‘ए पोलीसबाई, अजून वर्दी आली न्हाय. आत्तापासून मला शिकवू नको.’

‘अगं, कुणाला कळला तर?’

‘देवीचं नाव हाय. कुणाची हिंमत हाय हात लावायची?’

आणि तो विसरू नये म्हणून मी भिंतीवर लिहून ठेवला.

ती भिंत सांगायला पाहिजे. घराच्या पुढच्या खोलीतच माझं दुकान, तिथं मशीनच्या मागं निळ्या चुन्याची भिंत आहे. वही ठेवली तर हरवती, गिऱ्हाइकांची पोरं फाडत्यात, म्हणून मी सगळ्यांची मापं भिंतीवरच लिहिते. नाव, त्याखाली छाती, कंबर, बाही, गळा, आणि कधी न्यायचा तो वार. लग्नसराईत भिंतीवर बोट ठेवायला जागा उरत नाही. शिवाय बायका लई वांड. स्वतः चार महिन्यांत सुटायच्या आणि म्हणायच्या, तुम्हीच माप चुकवलंत. म्हणून मी प्रत्येकीला सांगायचे, बाई, फोन काढ, तुझ्या मापाचा फोटो काढून घे, मग उगीच वाद नको. प्रत्येकजण फोटो काढायची. मापांच्या मधोमध, मोठ्या अक्षरात, पोरीचं नाव आणि तिचा पासवर्ड. मला वाटायचं, मी किती व्यवस्थित बाई आहे.

लग्नसराई ऐन भरात होती. सकाळची वेळ, दुकानात पाच-सहा बायका. पलीकडच्या गल्लीतली एक मास्तरीणबाई आली, ब्लाउज न मागता फोन पुढं केला. म्हणाली, ‘तुमच्या पोरीनं हे काय टाकलंय, जरा बघा.’

मी वाचलं. पोरीच्या अकाउंटवर, पोरीच्या फोटोखाली. ग्राउंडच्या सरांचं नाव घेऊन लिहिलं होतं की आमचं जमलंय, आम्ही निघून जाणार आहोत. पुढं असलं घाण लिहिलं होतं की ते मी इथं लिहू शकत नाही. बरोबरच्या पोरींना आईबहिणीवरून शिव्या होत्या. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ, माझी आई मला जनावरासारखी मारती, म्हणून मी जाते.

बाकीचं वाचून मला लाज वाटली होती. ही ओळ वाचून माझं डोकं फिरलं. का, तर ती खरी होती. आणि ती पाच-सहा जणींनी माझ्या आधी वाचलेली होती, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

तेवढ्यात पोरगी आली. घामानं भिजलेली, हातात बूट, तोंडभर हसत. म्हणाली, ‘आई, आज चार सेकंद कमी आले.’

मी मशीनवरून उठले आणि पूर्ण हात फिरवून तिच्या थोबाडीत मारली. थोबाडीत म्हणते, पण तळहात बसला तो कानावर. डाव्या कानावर. असा आवाज झाला की कडेला बसलेली एक म्हातारी दचकून उभी राहिली. पोरगी भिंतीवर आदळली. ती काय झालं विचारायच्या आत मी कापड मोजायचा लोखंडी गज उचलला. पाठीवर, दंडावर, नडगीवर. ज्या नडग्यांवर ती पळायची, त्याच नडग्यांवर. ती ओरडत होती, ‘मी न्हाय केलं, आई, मी काय केलंय ते तरी सांग!’ मी म्हणत होते, ‘जनावरासारखं मारती व्हय? थांब, दाखवते तुला जनावर.’ तिघींनी मिळून मला धरलं. मास्तरीणबाई रडायला लागली. पोरगी खाली बसली होती आणि एक हात कानावर दाबून दुसऱ्या हातानं बूट शोधत होती.

तिचा फोन मी हिसकावून घेतला, बंद केला आणि मशीनच्या ड्रॉवरमध्ये घालून कुलूप लावलं. किल्ली कमरेला.

एवढ्यानं माझं पोट भरलं नाही. दिवस कलल्यावर मी ग्राउंडवर गेले. सर पोरींना रांगेत उभं करून काहीतरी सांगत होते. मी काही विचारलं नाही, बोलले नाही. चप्पल काढली आणि सगळ्या पोरींसमोर त्यांच्या तोंडावर दोनदा हाणली. साठीचा माणूस, सीमेवर राहून आलेला, मला एका हातानं उचलून बाजूला ठेवलं असतं त्यांनी. पण ते हात मागं बांधून उभे राहिले. ‘ताई, आधी ऐकून घ्या,’ एवढंच म्हणाले. त्यांच्या ओठातून रक्त आलं. एक पोरगी मोठ्यानं रडली. मी थुंकले आणि घरी आले. दुसऱ्या दिवसापासून सरांनी ग्राउंड बंद केलं.

पुढचे तीन दिवस पोरगी बोलली नाही. फक्त एकदा म्हणाली, ‘कानात शिट्टी वाजायलीय.’

‘वाजू दे. नाटकं करू नको.’

पण रात्री ती कुशीवर झोपेना तेव्हा मीच लसूण घालून खोबरेल गरम केलं आणि तिच्या कानात सोडलं. मी लई कनवाळू झाले होते ना! ती अशी किंचाळली की मला वाटलं तेल जास्त गरम झालं. निववून पुन्हा सोडलं. चार दिवस सोडत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मास्तरीणबाई पळतच आली. म्हणाली, ‘अहो, आत्ता अर्ध्या तासाआधी पुन्हा टाकलंय. तुम्ही फोन परत दिलात का तिला?’

मी म्हणाले, ‘छे! फोन माझ्याकडंय.’

‘मग हे कोण टाकायलंय?’

मी किल्ली काढली. ड्रॉवर उघडला. फोन बंद, थंडगार, मी ठेवला होता तसाच, वर दोऱ्याची रिळं. मी त्या फोनकडं बघितलं, मग कोपऱ्यात काजं करत बसलेल्या पोरीकडं. तिच्या दंडावर गजाचे वळ काळेनिळे झाले होते. मला वाटलं होतं, आता ही ओरडंल, मला शिव्या देईल, ते बरं झालं असतं. ती सुई खाली ठेवून उठली. म्हणाली, ‘चल. आधी माझा फॉर्म बघू. त्याला पण तोच पासवर्ड हाय.’

तहसीलच्या रस्त्यावर ऑनलाइनवाल्याचं दुकान आहे, सातबारापासून भरतीपर्यंत सगळं तोच भरतो. आम्ही दोघी तिथं गेलो. त्यानं सगळं ऐकलं. विचारलं, ‘पासवर्ड काय होता?’ पोरीनं सांगितला. तो कपाळावर हात मारून म्हणाला, ‘काकू, आपल्या जिल्ह्यात निम्म्या लोकांचा हाच पासवर्ड असंल! आणि कुणाकुणाला ठाऊक होता?’

मी म्हणाले, ‘कुणाला न्हाय. मला आणि हिला.’

पोरगी म्हणाली, ‘भिंतीवर लिहिलाय.’

‘कुठल्या भिंतीवर?’

‘दुकानातल्या. मापांच्या मधी.’ ऑनलाइनवाल्यानं स्वतःचा फोन काढला, काहीतरी शोधलं आणि माझ्यापुढं धरला. माझी निळी भिंत. त्याच्या बायकोच्या ब्लाउजचं माप. बायकोनं फोटो काढून त्याला पाठवला होता, म्हणाली होती, जपून ठेवा. त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. मापाच्या खाली माझ्या पोरीचं नाव आणि पुढं पासवर्ड, वाचायला एकदम सोपा. कितीजणींनी तो फोटो काढला असेल? कितीजणींच्या दिरांनी, भावांनी, पोरांनी बघितला असेल? उमरग्यापासून माकणीपर्यंत माझी गिऱ्हाइकं आहेत.

 

मग त्यानं एकेक काम केलं, आणि पोरगी शेजारी बसून डोळे न हलवता बघत होती. चोरानं ईमेलचाही पासवर्ड बदलला होता. पण ईमेलला नंबर माझा दिलेला होता, ओटीपी माझ्या फोनवर यायचा, त्यावरून आधी ईमेल परत मिळवला. तो म्हणाला, मेल म्हणजे घराचं दार, आधी दार ताब्यात घ्यायचं. मग रीलचं अकाउंट. मग कुठल्या कुठल्या फोनवर ते उघडंय ते काढलं. एक फोन आमचा नव्हता, त्याला बाहेर काढला. चोरानं घातलेला त्याचा नंबर पुसला. ते घाणेरडं सगळं काढलं, पण आधी त्याचे स्क्रीनशॉट घेतले, पोलिसांना लागतील म्हणून. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड केला, लांबलचक, कुणाचं नाव नाही, साल नाही, आणि वर दुसरं कुलूप, फोनवर नंबर आल्याशिवाय उघडणार नाही असं. पासवर्ड टाकायच्या वेळी तो म्हणाला, ‘मी तोंड फिरवतो, तू टाक. मलापण दाखवू नको.’ पोरीनं माझ्याकडं बघितलं. मीपण तोंड फिरवलं.

सगळ्यात शेवटी भरतीचा फॉर्म उघडला. तो जसाच्या तसा होता. फोटो, सही, जात, उंची, सगळं जागेवर. कुणी हातसुद्धा लावला नव्हता. पोरगी त्या दिवशी पहिल्यांदा रडली, टेबलावर डोकं ठेवून. मीपण देवीला हात जोडले. म्हणाले, वाचलो गं बाई.

पोलिसांत गेलो. एक महिला कॉन्स्टेबल होती, पोरीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. कम्प्लेंट लिहून घेताना ती आमच्या पोरीला नीट बघत होती, दंडावरचे वळ बघत होती. विचारलं, ‘बदनामी झाली ते लिहिलं. अजून काही त्रास? मारहाण वगैरे कुणी केली?’



पोरगी म्हणाली, ‘न्हाय. ग्राउंडवर पडले.’

बाईनं माझ्याकडं बघितलं आणि पेन ठेवलं. ज्यानं हे केलं तो अजून सापडला नाही. चौकशी चालू आहे म्हणतात. महिनाभर माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडं मी संशयानं बघायचे, हिचा भाऊ असंल का, हिचा पोरगा असंल का. त्या दिवशी पोलिसांतून घरी आल्या आल्या मी विटेचा तुकडा घेऊन भिंत खरवडली. नखं फुटली तरी खरवडत होते, आतली माती निघाली तरी. म्हणत होते, सापडू दे, त्याची बोटं मशीनखाली घालते, दहाच्या दहा. पोरगी दारात उभी होती. म्हणाली, ‘आई, पुरे.’

सहाव्या दिवशी सकाळी तिच्या उशीवर पिवळा डाग दिसला. तिला उमरग्याला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी कानात दुर्बीण घातली आणि बराच वेळ मान वर केली नाही. मग विचारलं, ‘यात तेल कुणी घातलं?’

मी म्हणाले, ‘मी. लसणाचं.’

‘पडद्याला भोक पडलंय. कोरडा ठेवला असता तर आपोआप भरलं असतं, बहुतेकांचं भरतं. आता आत पू झालाय. भोक पडलं कशानं?’

पोरगी पुन्हा म्हणाली, ‘ग्राउंडवर पडले.’

डॉक्टर म्हणाले, ‘पडून असं होत न्हाय बाळ.’ पुढं त्यांनी विचारलं नाही. औषधं दिली, पाणी जाऊ देऊ नका म्हणाले, दोन-तीन महिने बघू म्हणाले.

सरांकडं ती एकटीच गेली. मी गेले नाही. सरांनी ग्राउंड पुन्हा सुरू केलं, असं तिनंच येऊन सांगितलं. कानात कापूस घालून ती पळायला लागली. मी तिला दूध, अंडी, खारीक-खोबरं, जे म्हणाल ते चारलं. डोकं धुताना तिच्या कानावर माझा हात मीच धरायचे, थेंब जाऊ नये म्हणून. तिनं धरू दिला. भरतीचं ग्राउंड, म्हणजे पळायची आणि गोळ्याची परीक्षा, झालं, ती पास. लेखी झाली, यादीत नाव लागलं. गल्लीत मी पेढे वाटले, मास्तरीणबाईला दोन जास्त दिले. नवऱ्यानं हैदराबादच्या रस्त्यावरून फोन केला आणि पोरीला म्हणाला, ‘साहेब, सलाम.’ त्या दिवशी मला वाटलं, झालं, फिटलं सगळं.

मग धाराशिवला मेडिकल होतं. मी बाहेर झाडाखाली बसले, डबा मांडीवर घेऊन. पोरी आत जायच्या, हसत बाहेर यायच्या. आमची दोन तासांनी आली. हातात कागद. तिनं तो माझ्या हातात दिला. इंग्रजी मला येत नाही, पण खाली मराठीत शिक्का होता, अपात्र.

‘डावा कान,’ ती म्हणाली. ‘भोक भरलं न्हाय. ऐकायला कमी येतंय. ऑपरेशन करून पुढच्या भरतीला या म्हणाले.’

‘पुढची भरती कधी?’

‘कुणाला ठाऊक?’

मी उठले. माझा आवाज चढला. म्हणाले, ‘ज्यानं ते अकाउंट फोडलं त्याचं वाटोळं होईल, त्याच्या हाताला किडे पडतील, माझ्या पोरीचं सोनं मातीत घातलं त्या मेल्यानं...’ आणि बोलता बोलता माझा हात वर गेला, शिव्या देताना जातो तसा. पोरगी एक पाऊल मागं सरकली.

मग ती अगदी हळू बोलली. ‘आई, त्यानं फॉर्मला हात लावला नव्हता.’

एवढंच. रडली नाही, ओरडली नाही. मी हात खाली घेतला. माझ्या हातातला डबा कधी पडला मला कळलं नाही, भाकरी मातीत पडल्या होत्या. तिनं खाली वाकून त्या उचलल्या, झटकल्या आणि एका कुत्र्याला घातल्या.

लोहाऱ्याची एसटी मिळाली. ती खिडकीला बसली, मी तिच्या कडेला. गाडी जुनी, काचा खडखडत होत्या, पुढं कुणाचं तरी लेकरू रडत होतं. मी आयुष्यात कुणाला चुकलं म्हणाले नव्हते. बापाला नाही, नवऱ्याला नाही, सरांना तर नाहीच. अर्धा रस्ता गेला. मग मी पदर तोंडाला लावला, तिच्याकडं झुकले आणि म्हणाले, ‘चुकलं माझं, पोरी. मी तुला मारायला नको होतं. मला माफ कर.’

ती बाहेर बघत होती. तोंडावरची रेघ हलली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी तिच्या डाव्या बाजूला बसले होते.

थोड्या वेळानं तिला वाटलं असावं की मी काहीतरी बोलले. ती सगळं तोंड फिरवून, उजवा कान माझ्याकडं करून म्हणाली, ‘काय म्हणालीस?’

मी तिच्याकडं बघितलं. पुन्हा म्हणायचं होतं.

‘काय न्हाय,’ मी म्हणाले. ‘तिकिटाला सुट्टे हायत का विचारलं.’